बाईंची रीत

सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे स्पोर्ट्स शूज हा बाईंचा बारमाही वेश. आमचं ऑफिस नवीन पनवेलला, स्टेशनपासून जवळ, एका मिठाईच्या दुकानाच्या वर तिसऱ्या मजल्यावर होतं. इमारतीला लिफ्ट होती, पण बाई तिच्यात एकदाच चढल्या, मुलाखतीला आल्या त्या दिवशी. आत देखभालीचं कार्ड लावलेलं होतं. वर पोहोचेपर्यंत बाईंनी ते वाचून काढलं. वर्षभराच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत ठोकलेल्या आहेत असं त्यांचं मत पडलं आणि त्यानंतर त्या कायम जिन्याने आल्या. शूज त्यासाठी.

मुलाखतीत साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, विचारलं की आमच्याकडे आल्यावर तुम्ही सगळ्यात आधी काय कराल. बाई म्हणाल्या, लिफ्टवाल्याला फोन. हा किस्सा साहेब पुढे कितीतरी वर्षं हसत हसत सांगायचे. त्या दिवशी मात्र ते हसले नव्हते, कारण त्यांना फार गंभीर काम करून घ्यायचं होतं.

काम असं. बंदराच्या आसपास उरणपर्यंत जी कंटेनर यार्डं पसरलेली आहेत, त्यांच्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहायचो. कुठला ट्रेलर कधी आत आला, कंटेनर कुठे उतरवला, गेटपास कधी दिला, हे सगळं सांभाळणारं. दोन हजार दहाच्या आगेमागेची गोष्ट. तेव्हा आमच्या टीमला अजाइलचा नवा नवा नाद लागला होता. सहा महिन्यांचा आराखडा करत बसायचं नाही, दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडायचे, रोज सकाळी उभ्या उभ्या छोटी बैठक, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या. आम्हाला ते मनापासून पटलं होतं. खरं सांगायचं तर कागद लिहायला लागत नाहीत, एवढंच पटलं होतं. आणि नेमकं त्याच सुमारास साहेबांना परदेशातलं एक मोठं गिऱ्हाईक मिळत होतं, त्याची अट होती सीएमएमआयची लेव्हल थ्री. म्हणजे आपली कंपनी ठरलेल्या पद्धतीने काम करते आणि ती पद्धत सुधारत नेते, हे बाहेरून येणाऱ्या तपासनिसांपुढे सिद्ध करायचं. त्यासाठी बाईंना आणलं. साहेबांना वाटलं, आता शिस्त येईल. आम्हाला वाटलं, आता वाट लागली.

पहिल्या दिवशी कोणीतरी त्यांना मॅडम म्हणालं. त्या म्हणाल्या, मॅडम नको, शाळेत शिकवणारीला म्हणतात तसं बाई म्हणा. म्हणून बाई. त्या मूळच्या उरणजवळच्या करंजा गावच्या, कोळ्यांच्या. वडिलांची होडी होती, ती आता भाऊ चालवत होता. मुंबईला वसतिगृहात राहून इंजिनिअर झाल्या, मोठमोठ्या कंपन्यांत क्वालिटी बघितली, लग्न केलं नाही आणि पन्नाशीला आल्यावर गावाजवळ राहायचं म्हणून पनवेलला आल्या. परदेशातल्या लोकांशी फोनवर त्यांचं इंग्रजी ऐकावं असं होतं. आमच्याशी त्या स्वच्छ पुस्तकी मराठीत बोलत. पण राग आला किंवा आनंद झाला की त्यांच्या तोंडी ‘हाय’ आणि ‘नाय’ यायचं. आम्ही त्यावरून हवामानाचा अंदाज घ्यायचो.

‘प्रोसेस’ हा शब्द ज्यासाठी त्यांना पगार मिळायचा, तो त्यांना आवडायचा नाही. त्या ‘रीत’ म्हणत. तुमची कोड तपासायची रीत काय? गिऱ्हाइकाने मध्येच मागणी बदलली तर रीत काय? मी खांदा कॉलनीतून मोटरसायकलने यायचो. एकदा मला विचारलं, पावसात कुठल्या रस्त्याने येतोस? मी म्हटलं, पाणी कुठे साचलंय ते बघून ठरवतो. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, ही रीत हाय. याला कागद लागत नाय, पण विचारलं तर सांगता आली पाहिजे.

आमच्या सकाळच्या बैठकीला त्या सुरुवातीला नुसत्या येऊन खिडकीशी उभ्या राहत आणि चणे खात. आम्ही एकेक जण काल काय केलं, आज काय करणार, अडचण काही नाही, असं म्हणून मोकळे व्हायचो. बरेच दिवस त्या काही बोलल्या नाहीत. मग एका सकाळी म्हणाल्या, “अडचण कोणालाच नाय, मग काम संपत का नाय?” त्या दिवसापासून नियम झाला की ज्याचं अडलंय त्याने आधी बोलायचं, बाकीच्यांनी नंतर. पहिल्या दिवशी कोणीच बोलेना. बाईही बोलेनात. त्या शांततेत त्यांच्या चणे चावण्याचा तेवढा आवाज. शेवटी आमची टेस्टर, ओवे गावची एक अबोल मुलगी, जमिनीकडे बघत म्हणाली की टेस्टिंगचा सर्व्हर कालपासून बंद आहे, मी नुसती बसून आहे. सगळ्यांचं घोडं तिथेच अडलं होतं आणि कोणाला पत्ता नव्हता. दुपारपर्यंत सर्व्हर चालू झाला. बाईंनी तिला उरलेले चणे दिले. हे बक्षीस पुढे ऑफिसात मानाचं ठरलं.

कागदांच्या बाबतीत तर त्या साहेबांच्या कल्पनेच्या बरोबर उलट निघाल्या. त्यांच्या आधी आलेल्या एका सल्लागाराने जाडजूड दस्तावेजांचा ढीग करून ठेवला होता. साहेबांना त्याचा अभिमान. बाईंनी त्यातल्या सगळ्यात जाड दस्तावेजाच्या मध्यावर, दोन रुक्ष परिच्छेदांच्या मध्ये, एक वाक्य घुसवलं: ‘हे वाक्य वाचणाऱ्याला माझ्या घरी कोळंबीचं जेवण.’ आणि तो सगळ्यांना पाठवला, वाचून झाल्यावर ‘वाचलं, समजलं’ असं कळवा म्हणून. सगळ्यांनी कळवलं. साहेबांनी तर पाचच मिनिटांत. जेवायला कोणीच आलं नाही.

महिन्याच्या बैठकीत बाईंनी ते पान पडद्यावर लावलं आणि काही न बोलता बसून राहिल्या. आधी कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच. साहेब हसले नाहीत, पण कानापर्यंत लाल झाले. त्यानंतर बाईंनी जे सांगितलं त्यावर आमचं पुढचं सगळं उभं राहिलं. सीएमएमआयचं मॉडेल म्हणतं, काम तपासून घ्या, बदल झाला तर नोंद ठेवा, चुकांवरून शिका. काय करा ते सांगतं. किती पानं लिहा ते कुठेच सांगत नाही. आणि तुमचं ते अजाइल कसं करायचं ते सांगतं. मग दोघांचं भांडण आहे कुठे? भांडण आळशी लोक आणि घाबरट लोक यांच्यात आहे, असं त्या म्हणाल्या. आळशी कोण हे आम्हाला लगेच कळलं. घाबरट कोण हे साहेबांना.

ढीग गेला. जे उरलं ते प्रत्येकी एका पानाचं. भिंतीवरच्या चिठ्ठ्या राहिल्या, फक्त रोज संध्याकाळी त्या भिंतीचा फोटो काढून ठेवायचा. हीच आपली नोंद, बाई म्हणाल्या. कोळंबीचं जेवण शेवटी त्यांनी सगळ्यांनाच दिलं, न वाचल्याबद्दल. एका रविवारी आख्खं ऑफिस करंज्याला त्यांच्या भावाच्या ओटीवर पंगतीला बसलं. शाकाहारी मंडळींसाठी वालाचं बिरडं होतं.

त्यांच्या डब्यावरून एकदा वादळ झालं होतं. डब्यात बहुधा सुकट नाहीतर बोंबील असत आणि पॅन्ट्रीतून तो वास थेट मीटिंग रूमपर्यंत जाई. एचआरने पत्रक काढलं, उग्र वासाचे पदार्थ आणू नयेत. बाई पत्रक घेऊन एचआरच्या मुलीकडे गेल्या आणि अतिशय प्रेमाने विचारलं, उग्र ठरवायची रीत काय? त्या मुलीने प्रामाणिकपणे सांगितलं की रीत अशी काही नाही, मला वास सहन होत नाही. बाई म्हणाल्या, हे खरं बोललीस, आता मार्ग काढू. दुसऱ्या दिवसापासून त्या डबा गच्चीवर नेऊन खायला लागल्या. पाठोपाठ एकेक जण गच्चीवर जायला लागला, आणि शेवटी ती एचआरची मुलगीही. वाऱ्यावर वास जातो, असं ती सांगायची.

हे सगळं गमतीजमतीत चाललेलं असताना तो शुक्रवार आला.

उरण रस्त्यावरच्या एका मोठ्या यार्डाला आमची नवी आवृत्ती द्यायची होती. साहेबांनी गिऱ्हाइकाला शब्द दिला होता. कोड दुसऱ्याकडून तपासून घेण्याची आमची रीत मात्र अजून त्या सल्लागाराच्या वेळचीच होती, मोठी बैठक भरवायची, लांबलचक प्रश्नावली भरायची. त्यात अर्धा दिवस जायचा. घाईत तो अर्धा दिवस टीमने गाळला आणि आवृत्ती चढवली. जेवणाच्या सुमाराला यार्डाच्या सुपरवायझरचा फोन आला. तो तिथल्याच गावचा. ओरडला नाही, उलट फार शांतपणे म्हणाला, “तुमचा मशिन एक बी गेटपास देत नाय. रस्त्यावर गाड्या उभ्या हायेत. तुमी हितं या आनि डायवर लोकांशी तुमीच बोला.”

गाडीचा नंबर मध्ये जागा सोडून टाकला की आमचं सॉफ्टवेअर तो नाकारत होतं. आणि गेटवरचा प्रत्येक माणूस जागा सोडूनच टाकायचा. जुनी आवृत्ती परत चढवायला ऑफिसात माणसं बसली. बाईंनी मला आणि टेस्टरला घेतलं, रिक्षा केली आणि आम्ही यार्डावर गेलो. ट्रेलरची रांग पळस्प्याच्या दिशेने वळणापलीकडे गेली होती. ड्रायव्हर खाली उतरून गेटशी जमलेले. बाई सरळ त्यांच्यात घुसल्या आणि म्हणाल्या, चूक आमची आहे, यार्डवाल्यांची नाही, आता पास हाताने लिहिणार आहोत, अक्षर वाचता आलं नाही तर मला सांगा. मग गेटच्या केबिनमध्ये बसून त्या, टेस्टर आणि मी पास लिहीत राहिलो. उन्हाने पत्रा तापला होता. सुपरवायझरने चहा पाठवला. तो बाईंना विचारत होता की तुमी करंज्याच्या कुठल्या घरातल्या, आणि बाई लिहिता लिहिता सगळा गोतावळा सांगत होत्या. संध्याकाळी मशीन सुरू झालं तेव्हा रांग अर्ध्यावर आली होती.

सोमवारी टीमची रेट्रो झाली. काम संपल्यावर टीमने मागे वळून बघायचं, त्या बैठकीला रेट्रो म्हणतात. साहेबांना यायचं होतं. बाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. मालक समोर असला की माणसं स्वतःचा बचाव करत बसतात, काय झालं ते सांगत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. साहेबांना ते लागलं, पण गेले. आत बाईंनी, चूक कोणाची, असा प्रश्न एकदाही विचारला नाही. तपासणी का गाळावीशी वाटली, एवढंच विचारत राहिल्या. उत्तर सोपं होतं. ती रीतच अशी होती की शहाणा माणूस घाईत ती गाळणारच. म्हणून नवी रीत ठरली. मोठी बैठक बंद. दोघांनी एकाच स्क्रीनपुढे बसून कोड बघायचा, आणि दुसऱ्याने चिठ्ठीवर आपल्या नावाची अक्षरं घातल्याशिवाय ती चिठ्ठी भिंतीवर ‘झालं’च्या बाजूला सरकणार नाही.

लेव्हल थ्रीची तपासणी जवळ आली तसे साहेब अस्वस्थ झाले. त्या शुक्रवारच्या आवृत्तीची कोड तपासल्याची नोंद कुठेच नव्हती, आणि तपासनीस मोठी कामं हमखास बघतात. एका दुपारी त्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. मी कसल्याशा अंदाजपत्रकासाठी तिथेच होतो. साहेब म्हणाले, एक पान तयार करा, तारीख मागची टाका, कोणाचं नुकसान होतंय? बाई नाही म्हणाल्या. साहेबांनी समजावलं, मग आवाज चढवला. लेव्हल गेली तर ते गिऱ्हाईक जाईल, आणि गिऱ्हाईक गेलं तर बाहेर बसलेल्या निम्म्या पोरांना मी घरी पाठवणार आहे, हे तुम्ही त्यांना सांगाल का, असं त्यांनी विचारलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी घर गहाण ठेवून कंपनी काढली होती हे आम्हाला ठाऊक होतं.

बाई म्हणाल्या, “मी नाय टाकणार. तुम्ही दुसऱ्या कोणाकडून टाकून घेतलीत तर मी तपासनिसांसमोर बसणार नाय.”

त्या दिवशी घरी जाताना त्यांनी मला बसस्टॉपपर्यंत सोडायला सांगितलं. एरवी त्या मोटरसायकलवर मागे बसूनही माझं चालवणं सुधारत असत. त्या दिवशी गप्प होत्या. उतरल्यावर शूजची नाडी बांधायला वाकल्या आणि वाकलेल्या अवस्थेतच म्हणाल्या, “माझं चुकत तर नाय ना रे? पोरांची लग्नं व्हायची हायेत.”   बस आली आणि त्या गेल्या.

साहेबांनी तारीख टाकून घेतली नाही. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

तपासणीच्या आठवड्यात, इतर कंपन्यांत पोरांकडून उत्तरं पाठ करून घेतात, तसलं काही बाईंनी केलं नाही. जे करता ते सांगा, जे करत नाही ते करत नाही म्हणा, एवढंच. मुख्य तपासनीस बंगळुरूचे एक मृदू बोलणारे गृहस्थ होते. आमच्या टीमला त्यांनी एकत्र बसवलं, साहेब आणि बाई दोघांनाही बाहेर ठेवलं. तासभर साधे प्रश्न झाले. मग त्यांनी टेबलावर पेन ठेवलं आणि विचारलं, घाई झाली की यातलं तुम्ही काय सोडून देता?

 आणि मग ओव्याची ती अबोल टेस्टर बोलायला लागली, अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी. तिने तो शुक्रवार पहिल्यापासून सांगितला. तपासणी गाळली ते, ट्रेलरची रांग, हाताने लिहिलेले पास, सगळं.  सांगून झाल्यावर ती उठली आणि त्या गृहस्थांना भिंतीपाशी घेऊन गेली. चिठ्ठ्यांवरची दुसऱ्या माणसाची अक्षरं दाखवली, रोजचे फोटो दाखवले. एका चिठ्ठीवर अक्षरं नव्हती. तीही तिने आपण होऊन दाखवली, म्हणाली, इथे पण राहिलंय. गृहस्थ हसले.

शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर निकाल वाचला गेला. त्यांच्या पद्धतीप्रमाणे आधी उणिवा. पहिलीच उणीव आमचा शुक्रवार. साहेबांनी डोळे मिटून घेतले. उणिवा वाचून झाल्या आणि मग ते गृहस्थ म्हणाले की चूक लपवण्याऐवजी तिच्यावरून रीत बदललेली दिसते, आणि मॉडेल जे मागतं ते हेच आहे. लेव्हल थ्री मिळाली. टाळ्या, आरडाओरड, मिठ्या. मी बाईंकडे पाहिलं. त्या खुर्चीच्या पाठीला टेकल्या होत्या, जणू कितीतरी दिवसांनी. मला म्हणाल्या, “लय भूक लागलीय रे.” मग त्या टेस्टरला घेऊन खाली मिठाईच्या दुकानात जिलेबी खायला गेल्या.

त्यानंतर दोनेक वर्षांनी बाईंनी राजीनामा दिला. कारण विचारलं तर म्हणाल्या, आता प्रत्येक टीम आपली रीत आपण बघते, मी दिवसभर गच्चीवर डबा खायला येते का? साहेबांना वाटलं दुसरीकडे जास्त पैसे मिळतायत. त्यांनी पगार वाढवून देऊ केला. बाई म्हणाल्या, दुसरीकडे जातच नाही, करंज्याला जाऊन आधी झोपणार. साहेबांचा विश्वास बसला नाही. ते रुसले. नोटीसचा सगळा महिना त्यांनी बाईंशी कामाव्यतिरिक्त शब्द काढला नाही.

निरोपाला केक नको, भाषणं नकोत, असं बाईंनी बजावलं होतं. त्यांना हवी होती रेट्रो, स्वतःवरची. शेवटच्या दुपारी त्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसल्या. भिंतीवर तीन रकाने आखले: चालू ठेवायचं, थांबवायचं, सुरू करायचं. बाईंबद्दल ज्याला जे वाटतं ते त्याने चिठ्ठीवर लिहून लावायचं. आधी सगळे बिचकले, मग सुटले. ‘थांबवायचं’मध्ये कोणीतरी लिहिलं, दुसऱ्याच्या स्क्रीनवर बोट टेकवून बोलणं, डाग पडतात. ‘सुरू करायचं’मध्ये, मोबाईल उचलणं. बाई एकेक मोठ्याने वाचत होत्या, काहींवर हुज्जत घालत होत्या. बोट नाही टेकवलं तर तुम्हाला चूक दिसते का, वगैरे.

तेवढ्यात दारात साहेब उभे दिसले. आत आले नाहीत. म्हणाले, “येऊ का?”

बाईंनी मान हलवली. साहेबांनी एक चिठ्ठी घेतली, आमच्याकडे पाठ करून लिहिली, ‘थांबवायचं’च्या रकान्यात लावली आणि बाजूला झाले. बाईंनी चष्मा वर सरकवून ती वाचली. बाकी सगळ्या मोठ्याने वाचल्या होत्या, ही वाचली नाही. म्हणून मी मान लांब करून पाहिलं. तिच्यावर लिहिलं होतं, ‘बाईंनी जाणं.’



“हे आधी बोलायचं ना, साहेब,” बाई म्हणाल्या. “महिनाभर तोंड फिरवून बसलात.”

“बोलणार कुठे?” साहेब म्हणाले. “रेट्रोला मला कधी आत घेतलंत तुम्ही?”

बाई हसायला लागल्या. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. साहेबही हसले, मग आम्ही सगळेच. हसता हसता बाई उठल्या, पदराने डोळे पुसले आणि आपली खुर्ची ओढून साहेबांपुढे ठेवली.

“बसा,” त्या म्हणाल्या. “सहा वाजेपर्यंत मी हायच.”